मी खरवडलेली धूळ

मुंबईत एका फोटोग्राफरच्या दुकानात मी रिटचिंगचं काम करत असे. राहायला भाईंदरजवळ नवघरला, दोन खोल्यांत; घरी आई आणि बायको. वय पंचवीस. काम असं, की फोटो काढून झाल्यावर काचेची निगेटिव्ह माझ्या टेबलावर यायची आणि मी तिच्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं आणि सुरीनं काम करून माणसाचा चेहरा साफ करायचा. देवीचे व्रण घालवायचे, डोळ्यांखालचं काळं कमी करायचं, खप्पड गालांना थोडं मांस आणायचं. लग्न ठरवण्यासाठी फोटो काढायला आलेल्या मुली आपलाच फोटो हातात घेऊन लाजत आणि मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही याची करामत."

मला त्याचा गर्व होता, हे लपवत नाही. दिवसभर तेच करून माझ्या नजरेला एक वळण लागलं होतं. उजळ जागी काळं दिसलं की तो डाग, आणि डाग दिसला की काढायचा. रस्त्यानं जाताना समोरून येणाऱ्या माणसाच्या गालावरचा तीळसुद्धा मी मनातल्या मनात काढून टाकत असे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी, हिवाळ्यात, दुकानात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, काळा कोट, पांढरी पँट, काखेत छत्री. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी कापसात गुंडाळलेली एक चौकोनी काच काढली. मॅजिक लँटर्नमध्ये घालून भिंतीवर चित्र दाखवतात ना, तसली काच. चित्राची काच आत असते, तिच्यावर संरक्षणाला दुसरी साधी काच आणि दोन्हींच्या कडांना काळी कागदी पट्टी चिकटवलेली. त्यातली वरची साधी काच आडवी तडकली होती.

"एवढी वरची बदलून द्या," ते म्हणाले. "आतलीला काही करू नका. फार लांबून आलीय."

"कसलं चित्र आहे?"

"आकाशातलं. परदेशातल्या एका वेधशाळेला पत्रं लिहीत होतो. चार वर्षांनी पाठवली त्यांनी. वाटेत तडकली."

नाव-पत्ता लिहून घेताना कळलं की ते भाईंदरपुढच्या उत्तनच्या शाळेत मास्तर आहेत. मी नवघरला राहतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आपलेच की तुम्ही! मग घरी नेऊन सावकाश करा. मी पुढच्या महिन्यात गावात आकाशावर व्याख्यान देणार आहे, तेव्हा याच तुम्ही. पहिल्या बाकावर बसवतो."

आतल्या काचेला काही करू नका, असं ते स्पष्ट म्हणाले होते. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःशी असं म्हणत राहिलो की ते तसं घाईघाईत म्हणाले, पुटपुटले, मला नीट ऐकू आलं नाही. तसं काही नव्हतं. त्यांचा आवाज शाळामास्तरांचा, खणखणीत होता.

रविवारी सकाळी खिडकीशी बसून मी कडांची पट्टी सोडवली, तडकलेली काच बाजूला केली आणि आतली काच उजेडासमोर धरली. काळ्याभोर आकाशात एक उजळ आकार होता. वरून पाहिलेल्या होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला. आणि त्या होडीच्या लांबीवरून, बरोबर मधून, एक काळा, फाटक्या कडांचा पट्टा गेला होता.

मला वाटलं, गेलं हे चित्र. आमच्या खाऱ्या हवेत काचेवर बुरशी धरते, बोटीनं आलेल्या पार्सलाला ओल लागते, असलं मी खूप पाहिलं होतं. मास्तरांची कीव आली. चार वर्षं वाट पाहून हातात काय आलं तर डागाळलेली काच, आणि बिचाऱ्यांना ते कळलंही नाही! मग वाटलं, आपण आहोत ना. सांगायचं काहीच नाही. पडद्यावर एकदम स्वच्छ चित्र दिसेल तेव्हा बघतील आपला हात.

तो रविवार आणि पुढचा रविवार मी त्या काचेवर घालवला. सुरीच्या टोकानं पट्ट्याचं काळं थर थर करून खरवडलं. जिथं सुरी चालेना तिथं रंग उतरवायचं औषध अगदी बारीक कुंचल्यानं लावलं, लगेच टिपलं. भिंगातून बघून बघून डोळे दुखायला लागले. बायको जेवायला हाका मारत होती आणि मी "आलो, आलो" म्हणत होतो. शेवटी त्या होडीत कुठं पट्टा होता हे मलाही शोधून सापडेना. वर नवी काच ठेवली, कडांना नवी पट्टी चिकटवली. इतकं निर्दोष काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

डबा मी भाईंदरच्या बाजारात मास्तरांच्या बहिणीच्या हाती दिला. ही त्यांची मोठी बहीण, विधवा, भावाकडेच राहायची आणि मासळी विकायला भाईंदरला यायची. मास्तर तिला बाय म्हणत, म्हणून सगळेच बाय म्हणत. तिनं हात लुगड्याला तीनतीनदा पुसले आणि मगच डबा घेतला. "काच मीच लावते कंदिलात," ती मला म्हणाली. "मास्तर बोलतात, मी दिवा पेटवते न् चित्रं लावते. कुठलं आधी, कुठलं मागून, समदं माज्या ध्यानात हाय."

हे सांगताना तिला किती अभिमान वाटत होता, ते मी तेव्हा पाहिलं होतं.

व्याख्यान रविवारी दुपारी होतं. भाईंदरहून मुर्धा, राई ही गावं मागे टाकत मी चालत गेलो. दुपारच्या उन्हात अंधार करायचा म्हणून शाळेच्या खिडक्यांना होड्यांची शिडं बांधली होती. आत सुक्या मासळीचा आणि कार्बाइडच्या दिव्याचा वास, आणि माणसं दाटीवाटीनं बसलेली. कोळी, शेतकरी, बायका, मांडीवर पोरं. मास्तरांनी मला खरंच पहिल्या बाकावर बसवलं आणि लोकांना सांगितलं, "हे मुंबईच्या फोटोच्या दुकानातले. आपल्या काचेचे डॉक्टर."

बाय कंदिलामागे, म्हणजे मॅजिक लँटर्नमागे, उभी होती. चंद्राचे खड्डे झाले, शनीची कडी झाली, धूमकेतू झाला. मास्तरांना काही सांगावं लागत नव्हतं, ते वाक्य संपवत आले की चित्र बदलायचं.

शेवटचं चित्र लावण्याआधी मास्तर थांबले.

"आता जे दाखवणार आहे, ती दुसरी आकाशगंगा आहे. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण फार लांब. आपण तिच्याकडे कडेनं बघतोय. भाकरी डोळ्यांसमोर आडवी धरल्यासारखी. तिच्या मधोमध तुम्हाला एक काळा पट्टा दिसेल. तिथं काय असेल, सांगा बघू?"

"कायच न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "मोकलं असंल."

"मोठमोठ्या विद्वानांनाही तसंच वाटायचं," मास्तर म्हणाले. "पण ते मोकळं नाही. तिथं धूळ आहे. पिठाहूनही बारीक. खळ्यावर भात वारवताना भुसा उडतो, तेव्हा पलीकडे टांगलेला कंदील कसा दिसतो? मिणमिणता, तांबूस. कंदिलाची वात कमी झाली का? नाही. उजेड तेवढाच आहे, मधे धूळ आली. तसंच हे. पट्ट्यामागे तारेच तारे आहेत, धूळ त्यांना झाकते. आणि आपल्याकडेही तीच धूळ आहे. ती लक्षात आली नव्हती तोवर लोक मंद तारा बघून म्हणायचे, हा फार लांब असणार. तो असायचा जवळच. धुळीनं मंद केलेला."

मी तिथंच बाकावर थिजलो. अजून चित्र लागलं नव्हतं. उठून "मास्तर, थांबा" म्हणायला मला वेळ होता. दोन श्वासांचा का होईना, होता.

"लाव, बाय."

पडद्यावर ती होडी आली. शुभ्र, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टा नाहीच.

मास्तर छडी उचलून पडद्याकडे वळले आणि छडी तशीच वर राहिली. लोक वाट बघत होते. मग एक पोरगी म्हणाली, "काला पट्टा कुठं हाय?" आणि कुणीतरी हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ते पसरत गेलं. "मास्तरांची धूळ उडून गेली!"

मास्तरांनी कंदिलाजवळ जाऊन काच बाहेर काढली, खिडकीचं शीड थोडं बाजूला केलं आणि उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"बाय, तू हिला काय केलंस?"

"कायच न्हाय. धुतली निस्ती."

"धुतली?"

"समद्याच धुतल्या. काजली बसली होती ना कंदिलाची. रिठ्याच्या पान्यान, हलक्या हातान. दरवेलेलाच धुते."

मास्तर माझ्याकडे वळले. सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. "तुम्ही जाणकार आहात," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. पाण्यानं असं होईल का?"

तो प्रश्न मला आजही शब्दन् शब्द आठवतो, कारण त्यात संशय नव्हता. त्यांनी मला विचारलं ते केवळ माझ्या ज्ञानावर भरवसा ठेवून.

मी म्हणालो, "होऊ शकतं. कडेच्या पट्टीतून पाणी आत शिरलं तर आतला थर सुटतो."

म्हणालो ते अगदीच खोटं नव्हतं. पाणी आत शिरलं तर थर सुटतो. आणि असं अर्धं खरं जवळ असल्यामुळेच माझा आवाज कापला नाही.

बायनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती. "मी हलक्या हातान धुतली," ती पुन्हा म्हणाली, पण आता तिचा स्वतःचाच विश्वास उडाल्यासारखी. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "चार वर्षं, बाय. चार वर्षं मी वाट बघितली. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

लोक उठायला लागले. शिडं सोडली तशी ऊन आत आलं. मी मास्तरांना नमस्कार केला आणि निघालो. राईपर्यंत मी जवळजवळ पळतच होतो.

बायकोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन सांगा."

"सांगेन."

"उद्या."

"सांगेन म्हटलं ना!"

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात काम होतं, त्यानंतर आणखी काही. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं, 'मास्तर, चूक माझी', आणि चूक सांगणं मला जमलंही असतं. जमत नव्हतं ते पुढचं. मग त्या दिवशी बाकावर काय बोललात, असं त्यांनी विचारलं असतं.

महिना-दीड महिन्यानं, भरदुपारी, बाय नवघरला आमच्या दारात उभी राहिली. बाजार आटोपून, घर विचारत विचारत आली होती. आईनं तिला पाणी दिलं. तिनं टोपलीच्या तळाशी फडक्यात बांधलेली ती काच काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"भाऊ, मास्तरांस ठाव न्हाय मी आली ते. ते माज्याशी बोलत न्हाय. जेवतात, उठतात, शालेत जातात. कंदिलाला मी हात लावत न्हाय आता." तिनं काच माझ्याकडे सरकवली. "तुमी फोटोत नसलेलं आणता, लोक सांगतात. तो काला पट्टा परत काढून द्या ना."

बायको दाराच्या चौकटीत उभी राहून माझ्याकडे बघत होती. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. बाय समोर बसली होती, शाळेतले लोक नव्हते, मास्तर नव्हते. आणि मी म्हणालो, "बघतो काय करता येतं ते."

बायको आत निघून गेली.

मी पट्टा काढला. चिनी शाईनं, बारीक कुंचल्यानं. मूळ पट्टा कसा होता ते आठवायचा खूप प्रयत्न केला. पण तो मी बघितला होता डाग म्हणून, आणि डागाचा आकार कोण ध्यानात ठेवतो? कडा फाटक्या होत्या एवढं आठवत होतं. कुठं फाटलेल्या, कुठं दाट, कुठं विरळ, काही नाही. माझा हात सवयीनं सफाईदार चालला. पुढच्या बाजाराला काच तिच्या हातात दिली तेव्हा तिनं ती उजेडाला धरली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात मोठं पापलेट तिनं केळीच्या पानात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. घरी मी ते आईला दिलं आणि पोट बरं नाही म्हणून जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात मी बाजारातून मुद्दाम तिच्या बाजूनं गेलो. ती खाली मान घालून मासे साफ करत होती.

"काय म्हणाले मास्तर?"

"लगीच वलखलं त्यांनी. हे रंगवलेलं हाय म्हणाले. काच बिगडवली ती बिगडवली, आता खोटी करून आनतेस न् माज्या डोल्यांत धूल टाकतेस?" तिनं कोयता पाण्यात बुडवला. "तुमचा काय दोस न्हाय, भाऊ. तुमी माज्यासाठी केलंत."

लढाई सुरू झाली. परदेशचं टपाल बेभरवशाचं झालं, फोटोचं सामान मिळेनासं झालं, दुकानात काम कमी झालं. मास्तरांनी व्याख्यानं बंद केली असं ऐकलं. लोकांना वाटलं लढाईमुळे. माझी दोन मुलं झाली, आई गेली. आईच्या तेराव्याला बाय आली होती. लांबून चालत आली, दारात बसली, उठताना माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या दिवशीही बोललो नाही. त्या सगळ्या वर्षांत बायकोनं एकदाही विषय काढला नाही. तिनं भांडावं असं मला वाटायचं.

लढाई संपल्यावर मी एक गोष्ट केली. काच दुरुस्त करताना तिच्या कडेला चिकटवलेला वेधशाळेचा पत्ता मी उतरवून ठेवला होता. त्या पत्त्यावर तसलीच काच मागायला इंग्रजीत पत्र लिहिलं, मालकांकडून तपासून घेतलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. वर्ष उलटून गेल्यावर एक चपटं लाकडी खोकं आलं, आत भुशात बसवलेली काच. न तडकलेली.

मी ती उजेडाला धरली आणि पट्टा नीट बघितला. पहिल्यांदाच. त्याच्या कडा धुरासारख्या होत्या, मध्येच त्याचे बारीक तंतू उजेडात चढलेले, एका ठिकाणी तो इतका पातळ झालेला की काळ्या-पांढऱ्या काचेत मागचं तेज तांबूस न दिसताही तांबूस असेल असं वाटावं. मी शाईनं काढला होता तो पट्टा म्हणजे मुंजीच्या फोटोला कुणीतरी मारलेली शाईची रेघ होती. मास्तरांनी ती एका नजरेत ओळखली यात नवल काय?

रविवारी दुपारी उत्तनला गेलो. बहीण-भाऊ दोघंही घरीच होते. मास्तर आता नोकरीतून सुटले होते, केस पूर्ण पांढरे झाले होते. ओटीवर त्यांनी मला खुर्ची दिली, बाय आत चहा करायला जाऊ लागली. मी म्हटलं, "बाय, बसा. तुम्हीही ऐका."

मी सगळं सांगितलं. दोन रविवार, सुरी, औषध. शाळेतला बाक. शाईचा पट्टा. सांगताना मी खोकं मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

मास्तरांनी माझ्या मांडीवरचं खोकं घेऊन आपल्याजवळ ठेवलं. मग म्हणाले, "काच तुम्ही अडाणीपणानं बिघडवलीत. ते मी समजू शकतो. मला आधी विचारायला हवं होतं, पण ते असो. मी तुम्हाला लोकांसमोर प्रश्न विचारला होता."

"हो."

"मी तुम्हाला साक्षीदार म्हणून विचारलं. आणि तुमच्या एका शब्दावर मी माझ्या बहिणीशी वर्षभर धड बोललो नाही." ते बोलताना माझ्याकडे नव्हे, बायकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांची शरम माझ्याहून कमी नाही. ती मी त्यांच्या घरात आणून ठेवली होती.

बाय भिंतीला टेकून खाली बसली होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"मना इतकी वरसं वाटत आलं, माजे हातच तसे," ती म्हणाली. "काय पन फुटलं, सांडलं, का वाटायचं माज्यानंच. कंदिलाला हात लावला न्हाय. पोरांची पाटी पुसायची म्हनली तरी भ्या वाटायचं." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "हे मना इथं घरात काय सांगता? तवा शालेत बोललात. शालेतच सांगा."

"मास्तर म्हणतील तेव्हा," मी म्हणालो.

"मास्तर न्हाय म्हनत. मी म्हनते. येत्या ऐतवारी."

पुढच्या रविवारी मी गेलो. मास्तरांनी शाळेची खोली मागून घेतली होती. कंदील बाहेर काढला होता, पण त्याच्या दिव्याची नळी गंजून पडली होती, म्हणून पडदा नव्हता, अंधार नव्हता. खिडक्या सताड उघड्या. पंचवीस-तीस माणसं जमली. मी उभा राहून सांगितलं की अमुक वर्षांपूर्वी या खोलीत काच बिघडली ती बायच्या हातून नव्हे, माझ्या हातून, आणि मला ते त्याच क्षणी ठाऊक होतं आणि मी खोटं बोललो.

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणती काच? एका म्हाताऱ्याला व्याख्यान आठवत होतं, पण त्यात काही घोटाळा झाल्याचं आठवत नव्हतं. दोन बायका आपसांत विचारत होत्या की हा माणूस कोण. एकजण मागून मोठ्यानं म्हणाला, "जाऊ द्या हो, काचच ती!" आणि माझी समजूत घालावी तसा हसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पण इथं कुणाच्या लक्षातही नव्हतं. ज्या गोष्टीखाली ती बाई इतकी वर्षं वाकून राहिली, ती गोष्ट गाव केव्हाच विसरून गेलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं असतं तर दोन दिवसांच्या गप्पांत ती संपली असती. मी बायकडे बघितलं. तिलाही हे त्याच वेळी कळत होतं. तिचा चेहरा आक्रसला.

मग मास्तर उठले, खोक्यातली नवी काच काढली आणि सगळ्यांना खिडकीपाशी ओळीनं यायला सांगितलं. एकेकानं येऊन आभाळाकडे धरलेली काच बघायची. "बोटं कडेला," ते म्हणत होते. "हा पट्टा धुळीचा. आम्ही तेव्हा एवढंच म्हणायचो की ही धूळ ताऱ्यांना झाकते. आता काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की नवे तारे असल्याच धुळीतून तयार होत असावेत. नक्की नाही अजून. पण तसं असेल तर जिथं आपल्याला काहीच दिसत नाही तिथंच सगळ्यात जास्त काम चाललंय म्हणायचं."

"धूल झाकते तं त्यांना कसं कलतं आत काय हाय?" एका कोळ्यानं विचारलं.

"कळत नाही. तर्क करतात. शोधतायत."

काच मास्तरांनीच धरली होती. ओळ संपल्यावर त्यांनी ती बायपुढे केली. "घे, धर. तू दाखव मला."

तिनं मान हलवली. "नको."

"बाय, घे ना."

"नको म्हनते ना." तिनं काच त्यांच्याच हातात असताना वाकून बघितली, डोळ्यांवर हात धरून, पुष्कळ वेळ. मग पदर सारखा केला आणि घरी चूल पेटवायची आहे म्हणून निघून गेली. मास्तर काच धरून तसेच उभे राहिले. मी खोकं पुढे केलं. त्यांनी काच परत भुशात बसवली.

त्यानंतर मास्तर माझ्याशी नेहमी सभ्यपणे वागले. मी दोनदा गेलो तेव्हा खुर्ची दिली, चहा दिला. तिसऱ्यांदा मी गेलो नाही, आणि त्यांनी बोलावलं नाही. नव्या काचेचं त्यांनी पुढे कुठं व्याख्यान दिलं का, मला माहीत नाही. कंदील दुरुस्त करून देतो असा मी निरोप पाठवला होता. त्याला उत्तर आलं नाही.

बाय पुढे दोनेक वर्षं बाजारात यायची. मी मासळी तिच्याकडूनच घ्यायचो. ताजी असेल तीच द्यायची, साफ करून द्यायची, वजनात कधी कमी केलं नाही. पण पूर्वी ती विचारायची, पोरं कशी हायत, बायकोचा खोकला गेला का, आणि ते तिनं त्या रविवारनंतर विचारलं नाही. मीच आपणहून सांगायचो. ती "बरं" म्हणायची आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारायची, "तुमाला काय देऊ?"